मैदान की अभियांत्रिकी? सौरभ नेत्रावळकरचा धडा

यवतमाळ - मुलगा बारावीला गेला, की त्याची बॅट माळ्यावर जाते. यवतमाळ, वणी, पुसद असो वा मुंबई; खेळात चमकणाऱ्या मुलांच्या घरी या वर्षी एकच प्रश्न असतो : मैदान की अभियांत्रिकी? मुंबईच्या सौरभ नेत्रावळकर याची वाटचाल या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे.

डावखुरा वेगवान गोलंदाज असलेल्या सौरभने २०१० मध्ये न्यूझीलंडमधील १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक बळी मिळविले. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्याचे सहकारी होते. मात्र, याच काळात तो अंधेरीच्या सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थेत संगणक अभियांत्रिकी शिकत होता. २०१३ मध्ये पदवी आणि मुंबईकडून रणजी पदार्पण, दोन्ही साधले.

पुढची पायरी मात्र अवघड होती. झहीर खान, धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर यांच्या मुंबई संघात स्थान पक्के करणे सोपे नव्हते. पदवीनंतर सुमारे दोन वर्षे क्रिकेटला दिल्यावर त्याने परिस्थितीचा हिशेब मांडला आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी प्रवेश घेतला. तत्पूर्वी खेळाडूंच्या कामगिरीचे विश्लेषण करणारे 'क्रिकडिकोड' हे अॅप त्याने विकसित केले होते. मैदानावरचा अनुभव असा संगणकाच्या कामी आला. २०१६ मध्ये तो 'ओरॅकल' कंपनीत रुजू झाला आणि तेथे वरिष्ठ तांत्रिक पदापर्यंत पोहोचला.

येथे कथा संपली असती, तरी ती यशाचीच ठरली असती. परंतु नोकरी सांभाळून तो सुटीच्या दिवशी खेळत राहिला. चांगल्या खेळपट्टीसाठी सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत तासन् तास मोटारीने जाण्याची त्याची तयारी होती. २०१८ मध्ये तो अमेरिकेच्या संघात आला आणि त्याच वर्षी कर्णधार झाला.

६ जून २०२४ रोजी डल्लासजवळ टी-२० विश्वचषकात अमेरिका व पाकिस्तान यांची धावसंख्या १५९ अशी समान झाली. सुपर ओव्हरमध्ये १८ धावांचा बचाव करण्यासाठी चेंडू सौरभच्या हाती देण्यात आला. त्याने १३ धावाच दिल्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहली आणि रोहित शर्मा यांना बाद केले. त्या स्पर्धेच्या वेळीही तो 'ओरॅकल'च्या सेवेत होता.

प्रत्येकाला अशी दुसरी संधी मिळेलच, असे नाही. अमेरिकेतील क्रिकेट बाल्यावस्थेत असल्याचा लाभ त्याला झाला, हेही खरे. तथापि, त्याच्या वाटचालीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खेळासाठी शिक्षण अर्धवट न सोडल्यामुळेच निर्णयाच्या क्षणी त्याच्यासमोर पर्याय शिल्लक होता. दुसरी, व्यवसाय म्हणून खेळ थांबला, तरी खेळाने अंगी बाणविलेली शिस्त वाया जात नाही. चुका शोधणे, त्या दुरुस्त करणे आणि दडपणाखाली डोके शांत ठेवणे, हे गोलंदाजाला लागते तसेच संगणक अभियंत्यालाही लागते.

पालकांनी बॅट माळ्यावर टाकण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा. रोजचा एक तास मैदानावर गेला, म्हणून अभियांत्रिकीचे दार बंद होत नाही.