ऑर्किडचे पराग खडकांत का सापडत नाहीत?

ऑर्किड म्हणजेच आमरीचे कुळ अलीकडे उपजलेले असावे, असा समज बरीच वर्षे टिकला. आधार एवढाच, की त्याचे जीवाश्म जवळपास मिळतच नव्हते. सुमारे २८,००० जातींच्या कुळाचा भूतकाळ इतका कोरा, म्हणजे ते नवेच असणार, हे अनुमान वरवर पटते. पण टिकण्याजोगे काही या कुळाने मागे ठेवले होते का, हे आधी पाहायला हवे.

परागकण चिवट असतात आणि कोट्यवधी वर्षे गाळात टिकतात, हे गवत किंवा पाइनबाबत खरे आहे. त्यांच्या बाह्यकवचातले स्पोरोपोलेनिन सहजी कुजत नाही आणि वाऱ्यावर उधळलेले असंख्य कण तळ्यांत, दलदलींत साचत जातात. ऑर्किडचा कारभार नेमका उलटा. बहुतेक जातींत कण सुटे होतच नाहीत; चिकट, लवचीक द्रव्याने जखडून त्यांचे पुंज बनतात आणि अख्खा पुंज कीटकाच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जातो. गाळात पडायला उरतेच किती? शिवाय पुंजाच्या आतल्या कणांचे कवच अनेक जातींत अगदी पातळ असते, काहींत जवळपास नसतेच. अभ्यासक परागकण वेगळे करण्यासाठी नमुना तीव्र आम्लात तापवतात, तेव्हा टिकते ते फक्त कवच. अर्थात सरसकट विधान इथेही फसवे ठरेल: व्हॅनिलाही ऑर्किडच, पण तिचे कण पुंजात बांधलेले नसतात, उलट माळावरच्या रुईचा ऑर्किडशी जवळचा संबंध नसूनही तिच्यात परागपुंज असतात.

मग वय ठरले कसे? २००७ साली ‘नेचर’मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीच्या अंबराचे, म्हणजे अश्मीभूत राळेचे, वर्णन आले. त्यात डंख न मारणारी, आता नामशेष झालेली एक मधमाशी होती आणि तिच्या पाठीवर ऑर्किडचा परागपुंज. त्या ऑर्किडला मेलिऑर्किस कॅरिबिया असे नाव मिळाले. एका माशीवरून साऱ्या कुळाचे वय काढायचे, हे धाडस नव्हे काय? नुसत्या माशीवरून काढले असते तर होते. पण पुंजाच्या घडणीवरून त्याचा गट ओळखता आला, आणि आजच्या ऑर्किडांच्या डीएनएमधले फरक कालमापनासाठी त्या वयाशी जुळवता आले. (अंबरातल्या माशीतून डीएनए काढणे चित्रपटापुरते.) त्यातून आजच्या ऑर्किडांचा समान पूर्वज ७.६ ते ८.४ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला निघाला. गृहीतके बदलली की असे आकडे सरकतात, हा आक्षेप रास्तच. पण जीवाश्म किमान वय सांगतो, आणि नंतरच्या काही अभ्यासांत आकडा आणखी मागेच गेला. २०१७ मध्ये तर त्याहून कितीतरी जुन्या बाल्टिक अंबरातल्या एका चिलटाच्या पायाला चिकटलेला परागपुंज नोंदवला गेला. न्यूझीलंडच्या फौल्डन मार इथल्या गाळाच्या खडकांत ऑर्किड सापडली खरी, पण तिथे ओळख पटली ती पानांवरून.