हेदवीचं गोडं पाणी



गुहागर-विजापूर रस्ता आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे. हंगामात याच रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं येतात. पण ज्या गावापासून या रस्त्याचं नाव सुरू होतं, त्या टोकाला आपल्यातले थोडेच गेले असतील. कोयनेचं धरण बघायचं आणि मागं फिरायचं, ही आपली रीत. यंदा हंगाम संपला, खोडव्याला पाणी देऊन झालं, तेव्हा आमच्या गटातले सहा जण जीपगाडी करून कुंभार्ली घाट उतरलो आणि गुहागर तालुक्यातल्या हेदवीला दोन दिवस राहून आलो. पूर्वी एकदा यात्रेच्या गाडीतून हेदवी पाहिली होती. दर्शन, नारळ, चहा आणि लगेच पुढचा मुक्काम. या खेपेला सवड होती, त्यामुळं तेच गाव वेगळं दिसलं. जे दिसलं ते ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या कामाचं आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्याच्या सोबतीनं प्रवास

पाटण सोडलं की कोयना नदी डाव्या-उजव्या अंगाला सोबत करते. तिचं पाणी कृष्णेला मिळून आपल्या शिवारात येतं. पण शिवसागर जलाशयातलं बरंचसं पाणी उलट्या दिशेनं जातं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पोफळीला उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. चिपळूणवरून पुढं दाभोळच्या खाडीत ते समुद्राला मिळतं. पोफळीची वीज १९६२ साली सुरू झाली. कृष्णा पाणी तंटा लवादानं या कामासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडं वळवायची मुभा दिलेली आहे.

घाट उतरताना आमच्यातले आबा म्हणाले, "एवढं पाणी समुद्राला! आपल्याकडं आलं असतं तर काय झालं असतं?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतोच. गाडीत त्यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, "आबा, आपल्या विहिरीवरची मोटर त्याच विजेवर चालतीया." त्यावर आबा गप्प बसले, पण पटलं नव्हतं.

दशभुज गणेश आणि पाऊणपटीचा हिशेब

गुहागरहून हेदवी पंचवीसेक किलोमीटर. वाट जांभ्या दगडाच्या सड्यावरून जाते. सडा उजाड, पण उतारावर आलं की नारळ-पोफळीची गर्द सावली. दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ टेकडीवर आहे. मूर्ती पांढरीशुभ्र, दहा हातांची, मांडीवर लक्ष्मी. स्थान पेशवेकालीन मानतात. देवळात गर्दी नव्हती. निवांत बसता आलं.

खाली समुद्राकाठी उमामहेश्वराचं देऊळ आहे आणि तिथंच ती प्रसिद्ध बामणघळ. काळ्या कातळाला पडलेली ही लांब, अरुंद भेग. भरतीची लाट भेगेत शिरते, पुढं जागा चिंचोळी होते, मागून पाण्याचा रेटा असतो. मग पाणी उसळून सरळ वर उडतं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी लांब जाते, तसाच प्रकार. एक ब्राह्मण या घळीत पडला म्हणून हे नाव, असं गावात सांगतात.

मात्र हे बघायला वेळ साधावी लागते. ओहोटीला गेलात तर नुसता ओला दगड दिसतो. आम्ही उतरलो होतो त्या वाडीच्या मालकांनी हिशेब सांगितला: "तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तासानं पुढं सरकते, त्याचाच हा हिशेब. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी, अष्टमीला लहान. चतुर्थीला गणपतीचं दर्शन घेऊन, जेवून खाली उतरलं की बामणघळीची वेळ बरोबर साधते. आम्ही तसंच केलं. पाणी उडालं की आधी घळीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो आणि मग तोंडावर तुषार. आबा लहान पोरागत हसत होते.

विहीर समुद्राला लागून, पाणी गोड

खरी नवलाई दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. मालकांच्या वाडीतली विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही पाणी प्यायलो तर गोड! आबांना खरं वाटेना. त्यांनी दोनदा चूळ भरून पाहिली.

मालकांनी समजावलं. इथं पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्यातलं काही पाणी जमिनीत मुरतं. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड, म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून राहतं. जमिनीखालच्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट उंच असली, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. पण हा हिशेब उलटाही चालतो. उपसा करून पातळी एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढू शकतं.

"आजोबांच्या वेळी रहाट होता," मालक म्हणाले. "बैल दमला की पाणी बंद. आता पंप आहे. पंप दमत नाही, म्हणून आपणच थांबायचं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. अधूनमधून पाणी जिभेवर घेऊन बघतो. मचूळ लागलं की दोन दिवस पंपाला हात लावायचा नाही. पोफळ एक वेळ तहानलेली चालेल, पण विहीर एकदा खारी झाली की परत गोड व्हायला किती पावसाळे जातील, सांगता यायचं नाही."

पोफळीच्या प्रत्येक झाडाला आळं, आळ्याला पाट, पाटाचं पाणी मोजून. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात पाण्याची ही काटकसर!

कालव्यांच्या शहराची कथा

इटलीतलं व्हेनिस हे कालव्यांचं शहर जगभरचे लोक बघायला जातात. तिथं रस्त्यांऐवजी पाणी आणि गाड्यांऐवजी होड्या. १९५० आणि १९६० च्या दशकांत शेजारच्या कारखान्यांसाठी जमिनीखालून भरमसाट पाणी उपसलं गेलं आणि शहर खचू लागलं. १९७० च्या सुमारास उपशाला आळा घातला तेव्हा खचणं आटोक्यात आलं, पण खचलेलं वर आलं नाही. भरतीचं पाणी अडवायला तिथं समुद्राच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे बसवावे लागले. ते ३ ऑक्टोबर २०२० रोजी पुराच्या वेळी पहिल्यांदा वापरले गेले. हेदवीचे मालक जे जीभ लावून ओळखतात, ते ओळखायला त्या श्रीमंत शहराला एवढी किंमत मोजावी लागली.

आपल्या शिवाराचं काय?

आपलं दुखणं दिसायला उलटं आहे. तिथं जास्त उपसल्यानं मीठ वर येतं, आपल्याकडं जास्त पाजल्यानं. पाटाचं पाणी रात्रभर मोकळं सोडलं की जमिनीखालची पातळी चढते, पोटातले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरं मीठ रानावर राहतं. मिरज, वाळवा, शिरोळ तालुक्यांत अशी क्षारपड झालेली काळीभोर रानं आपण डोळ्यांनी पाहतो. एके काळी तिथं एकरी विक्रमी ऊस निघत होता, आज तिथं कुसळ उगवत नाही. समुद्र तिथून कितीतरी लांब, तरीही रान खारं!

परतीच्या वाटेवर पोफळी आली तेव्हा आबा आपणहून बोलले, "हे सगळं पाणी आपल्याला मिळालं असतं, तर आपण ते पण रात्रभर सोडूनच दिलं असतं." यावर गाडीत कुणी वाद घातला नाही.

तेव्हा सभासद बंधूंनो, यंदा जमलं तर हेदवी अवश्य बघा. पंचांग बघून निघा, भरतीची वेळ साधा. बामणघळीच्या कडेला शेवाळ असतं. पोराबाळांना लांब उभं करा आणि भर पावसाळ्यात जवळ जाऊ नका. समुद्राकाठच्या त्या विहिरीचं पाणी चाखून बघा. घरी आल्यावर मात्र रानाच्या सखल कोपऱ्यात हातभर खड्डा काढा. खाली पाणी लागलं, तर पुढची पाळी लांबवा, चर काढून निचरा करा, ठिबकचा विचार करा. माती-परीक्षण तर जरूर करून घ्या. रान गोड आहे तोवर हे काम स्वस्तात होतं.