युपीएसची गरमी किती? एसी घेण्याआधी हिशेब करा

आमच्या भिवंडीच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात ५ केव्हीएचा युपीएस बाजूच्या लहान खोलीत ठेवला. विक्रेत्याने त्या खोलीसाठी दीड टनाचा एसी गळ्यात मारला. विजेची बिले भरून थकलो, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

युपीएस जेवढी वीज वाया घालवतो तेवढीच त्याची गरमी. मशिनांचा लोड ४००० वॅट आणि युपीएसची कार्यक्षमता ९० टक्के, म्हणजे तो सुमारे ४४५० वॅट खेचतो. फरक ४५० वॅट. एका वॅटला तासाला ३.४ बीटीयू धरले की झाले १५३० बीटीयू. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. म्हणजे जेमतेम टनाचा आठवा हिस्सा! बाकीचे ४००० वॅट मशिनांच्या खोलीत गरमी करतात, ते तिकडच्या हिशेबात. विक्रेत्याने सगळेच इकडे धरले होते.

लाइट परत आल्यावर बॅटऱ्या चार्ज होतात, तेव्हा गरमी थोडी वाढते, तेवढी सूट ठेवा. पण खोली बंद करून पैसे वाचवू नका. लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंश मानवतात. त्यावर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. चार्जिंगमध्ये हायड्रोजनही निघतो, म्हणून एक्झॉस्ट पंखा हवाच.

जनरेटरची गोष्ट निराळी. डिझेलच्या शक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा वीज होतो, बाकी गरमी. तिथे एसी नव्हे, मोकळी हवा लागते.

युपीएस घेताना विक्रेत्याला एवढेच विचारा: माझ्या लोडवर किती वॅट वाया जातात? आकडा बिलावर लिहून घ्या.