दगडफुलाचा संसार

गोड्या मसाल्यातले काळपट दगडफूल आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे. शास्त्रात त्याला ‘शैवाक’ म्हणतात. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ते भाजून कुटण्यापलीकडे त्याचा विचार कोणी केला नव्हता. कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही तो करावा इतके ते नवलाचे आहे.

शैवाक म्हणजे दोन जीवांचा एकत्र संसार. कवक (बुरशी) घर बांधते आणि पाणी धरते. शैवल उन्हात अन्न तयार करते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे मांडले, तेव्हा अनेक विद्वानांना ते पटले नाही.

या संसाराला मुळे नाहीत आणि पानांवर असते तसे मेणाचे आवरणही नाही. हवा ओली तर तो ओला, हवा कोरडी तर तो कोरडा. कोरडा पडला की त्याचे सर्व व्यवहार थांबतात. पण तो मरत नाही. दव पडले की काही मिनिटांत पुन्हा जागा होतो. याच झोपेच्या बळावर तो ऊन, दुष्काळ आणि बर्फ सोसतो. अंटार्क्टिकावर सपुष्प वनस्पती दोनच, शैवाके मात्र शेकडो जातींची आहेत. २००५ साली दोन जातींची शैवाके सुमारे पंधरा दिवस उघड्या अवकाशात ठेवली, तीही जिवंत परतली.

मग बर्फ नाही, पाऊस भरपूर, अशा आपल्या मुंबईत ती का फोफावत नाहीत? पवई तलावाच्या परिसरातील जुन्या झाडांवर खोडाला चिकटलेले राखाडी-पांढरे डाग तेवढे दिसतात. महाबळेश्वरच्या झाडांवर मात्र पानांसारखी आणि दाढीसारखी लोंबणारी शैवाके आढळतात.

याचे एक कारण आपल्या उबदार, दमट रात्री. ओले शैवाक रात्रीही श्वसन करते आणि उकाड्यात ते वाढते. दिवसाची कमाई रात्री खर्च होते. डोंगरावरच्या थंड रात्री हा खर्च वाचवतात.

दुसरे कारण धुराचे. १८६६ साली नायलांडर या शास्त्रज्ञाने पॅरिसमधील शैवाकांवरून शहराच्या हवेची पारख करता येते हे दाखवले. शैवाक पाण्याबरोबर हवेतले विषही शोषते. गंधकाच्या धुराने शैवलातील हरितद्रव्य नासते, अन्न बंद होते आणि उपाशी कवकही मरते. झाड निदान पाने गाळते. शैवाकाजवळ गाळायला काही नाही. ज्या मोकळेपणाने ते दवाच्या थेंबावर जगते, तोच मोकळेपणा शहरात त्याच्या जिवावर उठतो.

म्हणून खोडावरचे ते डाग रोग समजून खरवडू नयेत. शैवाक झाडाचा रस शोषत नाही. त्याला फक्त आधार हवा असतो. त्याची वाढ वर्षाला बहुधा काही मिलिमीटरच होते. आपण क्षणात खरवडलेला डाग कदाचित आपल्याहून वयाने मोठा असेल.