बालस्थौल्य : औषधाच्या चिठ्ठीआधी खेळ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुषांची नावे घेतली असली, तरी विस्ताराने विवेचन केले ते दोघांचेच : अतिस्थूल आणि अतिकृश. त्या दोघांतही स्थूलाची चिकित्सा अधिक कष्टसाध्य मानून कार्श्य त्यातल्या त्यात बरे, असा निर्णय दिला. हा अध्याय आपण सर्वांनीच पदवीच्या काळात अभ्यासला आहे. मात्र तो वाचताना डोळ्यांसमोर येई ते चित्र गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या पन्नाशीतल्या व्यापाऱ्याचे. आठ-दहा वर्षांचे मूल त्या चित्रात नव्हते. आज लोणंदसारख्या कांद्याच्या बाजारपेठेच्या, निमशहरी गावातही ते मूल आईचा हात धरून दवाखान्यात येते आणि आई म्हणते, ‘‘डॉक्टर, याला वजन कमी करायचं काहीतरी चूर्ण द्या.’’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील पाच वर्षांखालील बालकांपैकी २.१ टक्के बालके उंचीच्या मानाने अतिवजनाची आढळली होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ३.४ टक्के झाले. आकडा लहान दिसतो. पण त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पस्तीस टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे प्रश्नाची गुंतागुंत कळते. एकाच गल्लीत, क्वचित एकाच घरात, अतिकृश आणि अतिस्थूल दोन्ही नांदत आहेत.

त्याहून विचार करायला लावणारे काम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांचे आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व बालकांचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे युरोपीय बालकांपेक्षा बरेच कमी. तरीही मांस आणि अवयव कमी पडले असताना मेद मात्र तुलनेने टिकून होता. ‘बारीक पण मेदस्वी’ अशी ही आपली जन्मजात ठेवण. स्थौल्याच्या हेतूंत चरकांनी बीजस्वभाव सांगितला आहे, त्याची आठवण येथे होते. असे मूल पुढे बसून राहिले आणि बिस्किटांवर वाढले, तर काट्यावर ‘अतिवजन’ दिसण्यापूर्वीच त्याचा मेद वाढलेला असतो. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. सुतळीने मुलाची उंची मोजावी, तिची बरोबर अर्धी घडी घालावी आणि ती बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती धरावी. सहा वर्षांवरील मुलात सुतळीची टोके एकमेकांना मिळाली नाहीत, तर पोटावर मेद साठतो आहे असे समजावे. या परीक्षेला ना तक्ता लागतो ना यंत्र.

माझी स्वतःची एक चूक येथे नमूद करतो. दवाखाना सुरू करून सात-आठ वर्षे झाली असतील. दहा वर्षांचा एक मुलगा आला : उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. मी उत्साहाने नवक गुग्गुळ, सकाळी मधुपाणी, रात्रीचे जेवण बंद अशी प्रौढाला शोभणारी योजना लिहून दिली. दोन महिन्यांत वजन तीन किलोने उतरले. वडील खूश झाले. आजी मात्र म्हणाली, ‘‘वजन उतरलं खरं, पण पोरगं शाळेतून आलं की आडवंच होतंय. पूर्वी निदान अंगणात तरी जायचं.’’ मी मेदाचे कर्षण करायला निघालो होतो आणि प्रत्यक्षात वाढत्या वयातील धातूंचेच कर्षण करून बसलो होतो. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, हे विमानस्थानातील वचन मला परीक्षेत आठवले होते, चिठ्ठी लिहिताना नाही.

औषध थांबवले. वेळेवर जेवण सुरू केले, दुपारचे वेफर्स आणि बाटलीतले गोड पेय बंद केले. (अशा पेयाच्या २०० मिलिलिटरमध्ये वीस ग्रॅमहून अधिक साखर असते, हे पालकांना चमच्यांच्या हिशेबात सांगावे, लगेच पटते.) शाळेत जाणे-येणे पायी आणि संध्याकाळी तासभर मैदान, एवढेच लिहून दिले. वर्षाने उंची १४४ आणि वजन ४७ किलो भरले. पहिल्या भेटीच्या मानाने वजन किलोभर वाढलेच होते. पण उंचीशी त्याचा हिशेब मांडला, तर शरीरभारांक २४ वरून साडेबावीसच्या आसपास आला होता. प्रौढाचे वजन उतरवायचे असते. वाढत्या मुलाचे बहुधा नुसते थोपवून धरायचे असते, बाकीचे काम उंची करते. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगितले नाही, तर ते महिन्याभरात दुसरा दवाखाना गाठतात.

येथे एक शास्त्रीय शंका उपस्थित होते. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, वृद्ध आणि अजीर्णी यांच्याबरोबर बालकालाही व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मग स्थूल बालकाला व्यायाम कसा सांगावा? काही वैद्यबंधू हा निषेध दाखवून थेट औषधाकडे वळतात. माझ्या मते हा निषेध आयास उत्पन्न करणाऱ्या, बलाची परीक्षा पाहणाऱ्या मल्लाच्या व्यायामाचा आहे, क्रीडेचा नव्हे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकांनी बालकाची खेळणी कशी असावीत हे किती बारकाईने सांगितले आहे ते पाहावे : रंगीबेरंगी, हलकी, आवाज करणारी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी, भीती न दाखवणारी. बालकाने खेळावे हे ज्यांनी गृहीत धरले, त्यांना ते बसून राहिलेले अभिप्रेत असेल, हे संभवत नाही. शिवाय मेदोवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना विमानस्थानात पहिला उल्लेख अव्यायामाचा आणि दुसरा दिवास्वापाचा आहे; मेद्य आहाराची पाळी त्यानंतर येते.

अर्धशक्तीचे प्रमाण मुलाला लावणेही कठीण नाही. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, तोंडाला कोरड पडणे, तोंडाने श्वास घ्यावासा वाटणे ही लक्षणे दिसली की थांबावे, असे शास्त्र सांगते. मूल खेळताना आपोआप तेच करते. धावते, धापा टाकत उभे राहते, पुन्हा धावते. शिट्टी वाजवून मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावणाऱ्या प्रशिक्षणात मात्र हे प्रमाण राहत नाही, आणि स्थूल मूल तेथून तिसऱ्या दिवशी पळ काढते.

साधनांवाचून मुलांचे शरीर घडवण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे तरुणपणी युजेन सँडोच्या पद्धतीने, त्याची साधने वापरून व्यायाम करीत. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले. साधनांचा खर्च गेला, जागा सतरंजीएवढी पुरली आणि सर्वांगाला व्यायाम मिळाला. त्यांनी संस्थानच्या शाळांतून मुला-मुलींना नमस्कार सक्तीचे केले, स्वतः पुस्तक लिहून प्रसार केला; १९३८ मध्ये लंडनला त्यावर इंग्रजी पुस्तकही निघाले. सक्ती कितपत योग्य, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु एका लहान, दुष्काळी मुलखाच्या राजाला जे विनाखर्च जमले, ते आज व्यायामशाळेचे मासिक शुल्क भरणाऱ्या पालकाला अवघड का वाटावे?

स्थूल मुलाला नमस्कार सांगताना मात्र तारतम्य हवे. शरीराचा भार मनगटांवर येतो. पहिल्या आठवड्यात सावकाश तीन-चार, सकाळी, उपाशीपोटी. नंतर हळूहळू वाढ. आसनात श्वास रोखून धरणे नको. नमस्कारापेक्षाही खेळ बरा, कारण तो मूल स्वतःहून उद्या पुन्हा करते. लंगडी, लगोरी, सूरपारंब्या, खो-खो, मुलींसाठी दोरीच्या उड्या आणि फुगडी. फुगडीला कोणी व्यायाम म्हणत नाही, पण दोन मिनिटांत कपाळावर घाम येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोराची हालचाल हवी. हा तास सलग असण्याची गरज नाही. शाळेची पायपीट वीस मिनिटे, मधल्या सुट्टीतले धावणे दहा, संध्याकाळचा खेळ अर्धा तास. हिशेब पूर्ण झाला.

दरवर्षी माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येते. आळंदीहून पंढरीला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत निघालेल्या सत्तरीच्या आजीबाईंना पाणी द्यायला आमची मुले उभी राहतात, आणि ती तेथवर येतात वडिलांच्या दुचाकीवरून.

चिठ्ठीवर खेळ लिहावा, असा माझा आग्रह आहे. ‘जरा खेळत जा’ असे तोंडी सांगितलेले दाराबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. मात्रा, काल आणि अनुपान यांसह लिहावे : संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, लगोरी किंवा खो-खो, सोबत शेजारचे दोन सवंगडी, नंतर तासाभराने जेवण, ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, ताक. वैशाखात खेळ सकाळी. सुट्टीत दुपारची झोप बंद. माझ्याकडील मुलांचे वजन मे महिन्यातच सर्वाधिक वाढते. कफप्रधान मुलास आठवड्यातून दोनदा त्रिफळा व कुळथाच्या पिठाचे रूक्ष उद्वर्तन सुचवावे. आई-आजीला करण्यासारखे ते काम आहे.

प्रत्येक स्थूल मूल मात्र खेळाने बरे होणारे नसते. सामान्य अतिपोषणाने स्थूल झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असते. जाडी वाढत असताना उंची खुंटली असेल, तर थायरॉइडसारख्या ग्रंथिविकाराचा किंवा स्टेरॉइडच्या वापराचा संशय घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मानेवर व काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली, तर तो मळ समजून घासायला सांगू नये; रक्तशर्करा तपासावी. झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडखळणे हेही तपासणीचे कारण आहे. आणि विशेष सावधपणा पुढील बाबतीत : स्थूल, वयात येणारा मुलगा मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणून लंगडत आला, तर तेल व गुग्गुळ देऊन परत पाठवू नये. खुब्याच्या हाडाचे डोके सरकल्याने ही वेदना गुडघ्यात जाणवू शकते. मुलाला चालू न देता त्याच दिवशी एक्स-रे व अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. येथे खेळ सांगणे अपायकारक ठरेल.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. मेदोहर गुग्गुळकल्प चिठ्ठीशिवाय मुलासाठी मागितले जातात, तेव्हा ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपल्या काउंटरवरून उच्चारले जाऊ नये. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. सडपातळ पण चपळ, निरोगी मुलाची आई ‘अंगात भरायला’ म्हणून काही मागते, आणि साखरेचा मोठा अंश असलेला अवलेह मोठ्या डब्यात घरी जातो. दोन वेळा मोठा चमचाभर, वर साखरेचे दूध, असे वर्षभर चालते. दोन-तीन वर्षांनी तेच मूल दुसऱ्या तक्रारीसाठी माझ्यासमोर बसते. अशा वेळी डबा देण्यापूर्वी मुलाची उंची व वजन विचारावे, नाही तर जवळच्या वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी एक डबा कमी खपेल, हे मला मान्य आहे.