म्हैस राखाडी का येते?

शेजारच्या गोठ्यातली म्हैस काळीभोर होती, तेल लावून पुसल्यासारखी. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या रोलवर मात्र ती राखेत लोळून उठल्यासारखी आली. त्याच रोलवर दोरीवर वाळत घातलेलं आजोबांचं धोतर होतं. नीळ दिलेलं, उन्हात बघवणार नाही इतकं पांढरं. फोटोत ते महिनाभर न धुतल्यासारखं मळकट. काळं वर सरकलं होतं, पांढरं खाली उतरलं होतं आणि दोघांनी जणू मध्यावर तडजोड केली होती. रोल धुऊन देणारे काका म्हणाले, "रोल शिळा असणार." मीही मान डोलावली. कॅमेरा सेकंडहँड होता खरा, पण मीटरच्या सुईवर माझी श्रद्धा होती. सुई बरोबर मध्ये आणूनच तर मी बटण दाबलं होतं.

खरं कारण वर्षभराने कळलं. फुटपाथवर घेतलेलं, पुठ्ठा निघालेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्यातल्या अर्ध्या पानात. कॅमेऱ्यातल्या मीटरला म्हैस कळत नाही आणि धोतरही कळत नाही. त्याला येणारा उजेड तेवढा मोजता येतो. समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो आणि त्या हिशेबाने किती उजेड आत घ्यायचा ते सांगतो. म्हशीने चौकट भरली की त्याला वाटतं, अरे, इथे अंधार फार, आणखी उजेड घ्या. धोतराने भरली की, फार झाला, कमी करा. मी इमानाने त्याचं ऐकलं होतं. सुई मध्ये आणली, म्हणजे म्हैसही मध्ये आणली आणि धोतरही.

हा मध्यम राखाडी म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत पाठवणारा रंग. माझं पहिलं भांडण या आकड्याशी झालं. मध्य म्हणजे ५० हवा ना? पण ५० टक्के उजेड परतवणारा कागद हातात घेतला तर तो अर्धा मुळीच वाटत नाही, चांगला उजळ वाटतो. डोळ्याचा हिशेब बेरजेचा नाही. मिट्ट काळोखाच्या गाभाऱ्यात एक समई लावली की सारा गाभारा दिसू लागतो. तिथेच शंभर समया तेवत असतील तर एकशे एकावी कुणाच्या ध्यानातही येत नाही. अंधाराकडच्या बारीक फरकांना डोळा जास्त भाव देतो, म्हणून त्याचा 'मध्य' इतका खाली, अठरावर येतो. त्या अर्ध्या पानाने मला कॅमेरा समजावला, आणि जाता जाता माझाच डोळाही.

पुढे कळलं की हे सगळं शास्त्र नीट मांडणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं. लॉस एंजेलिसमध्ये शिकवत असताना, १९४०च्या आसपास, फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी 'झोन सिस्टिम' बसवली. गर्द काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, शून्य ते दहा. पाचवी पायरी म्हणजे आपला मध्यम राखाडी. मीटर काहीही मोजो, तो त्या वस्तूला पाचव्या पायरीवर नेऊन बसवणार. तिथून तिला उचलून कुठे बसवायचं हे आपण ठरवायचं. म्हशीवर मीटर धरला असेल तर त्याने सांगितलेल्यापेक्षा दोन पायऱ्या कमी उजेड द्यायचा, धोतरावर धरला असेल तर दोन पायऱ्या जास्त. इथली एक पायरी म्हणजे फोटोवाल्यांच्या भाषेत एक स्टॉप: उजेड दुप्पट किंवा निम्मा. (लेन्सवरचे २.८, ४, ५.६, ८, ११ हे विचित्र आकडे म्हणजे दोनाच्या वर्गमुळाचा पाढा. छिद्राचा व्यास तेवढ्या पटीने वाढला की क्षेत्रफळ दुप्पट होतं. शाळेत हे असं कुणी सांगितलं असतं तर वर्गमुळाशी माझं जरा बरं जमलं असतं.)

कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट अशा तीन नावांची तीन पुस्तकं अ‍ॅडम्स यांनी लिहिली. १९८० ते १९८३ या काळात ती आजच्या रूपात आली. ती वाचायला सोपी नाहीत. तक्ते आहेत, रसायनं आहेत, वक्ररेषा आहेत. पण मधूनच ते अशी गोष्ट सांगतात की पुस्तक मिटून लगेच बाहेर जाऊन बघावंसं वाटतं. उदाहरणार्थ, मीटर धरायला वापरतात ते मध्यम राखाडी रंगाचं कार्ड जवळ नसेल तर आपला तळहात आहे. तो मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक पायरी उजळ असतो. त्यावर मीटर धरा आणि एक स्टॉप जास्त द्या. चेहरा गोरा असो की सावळा, तळव्यांत तेवढा फरक पडत नाही. मी तेव्हा घरातल्या सगळ्यांचे तळवे ओळीने तपासले होते. आजी म्हणाली, भविष्य सांगतोस की काय!

याच माणसाची १९४१ मधली एक गोष्ट आहे. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्याजवळून संध्याकाळी गाडीने जाताना त्यांना दिसलं की पूर्वेला चंद्र वर आलाय आणि मावळतीचं ऊन गावाच्या दफनभूमीतल्या क्रुसांवर पडलंय. घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, तर मीटर सापडेना. ऊन उतरत चाललेलं. तेव्हा त्यांना चंद्राच्या उजळपणाचा आकडा आठवला: चौरस फुटाला २५० कँडल. चंद्र कुठल्या पायरीवर बसवायचा ते ठरवून मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्म फिरवेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. 'मूनराइज' या नावाने तो फोटो जगभर गाजला. चंद्राचा आकडा तोंडपाठ असलेल्या या माणसाला त्या संध्याकाळची तारीख मात्र कधी धड सांगता आली नाही. ती पुढे खगोलशास्त्र जाणणाऱ्यांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून काढून दिली.

तर यंत्र लबाड असतं, ठीक. पण आपला डोळा?

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर घागर, शेजारी दोन वांगी, मागे फडकं. दर वर्षी निम्मा वर्ग एकच चूक करतो. घागरीचं तोंड गरगरीत गोल काढतो आणि बूड सरळ रेषेत कापतो. तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, आणि घागर सपाट स्टुलावर बसलीय हेही माहीत असतं. समोर प्रत्यक्षात दिसत असतो तो तोंडाचा चपटा लंबगोल, आणि बुडाची रेघ तर त्याहून जास्त वाकलेली असते. आपण घागर पाहून काढत नाही, ठाऊक असलेली घागर काढतो. शिक्षक पाठीमागे उभे राहून "बघ, नीट बघ" म्हणतात. पण नीट बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

ते सांगणारं पुस्तक १९७९ मध्ये आलं. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रशिक्षिकेचं. त्यातला नावाजलेला धडा असा: पिकासोने १९२० मध्ये काढलेलं संगीतकार स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र घ्या, उलटं ठेवा आणि उलटंच उतरवून काढा. संपेपर्यंत कागद फिरवायचा नाही. उलटं चित्र समोर आलं की मेंदूला 'हा हात, हे नाक, ही बोटं' असं झटकन म्हणता येत नाही. मग उरतं काय? एक रेघ इकडे वळते, दुसरी तिला इथे भेटते, मध्ये एवढी मोकळी जागा. माहिती गप्प बसते आणि डोळा कामाला लागतो. शेवटी कागद सरळ केल्यावर ज्यांना 'चित्रकला येत नाही' ते आपल्याच हातचं चित्र बघून चकित होतात. एडवर्ड्सबाईंनी याचं श्रेय मेंदूच्या उजव्या अर्ध्याला दिलं. इतकी सरळ वाटणी आजचे मेंदूशास्त्रज्ञ मानत नाहीत. मला त्याचं फारसं दुःख नाही. कारण चुकलं तरी औषध लागू पडतं, अशी उदाहरणं आपल्याकडे घरोघर आहेत.

पुस्तकावरून शिकणं म्हणजे हौशी लोकांचा उद्योग असं ज्यांना वाटतं त्यांनी व्हॅन गॉगची पत्रं पाहावीत. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात धर्मप्रचारकाची नोकरी गमावून बसलेला हा माणूस चित्रकार व्हायचं ठरवतो. जवळ पैसे नाहीत, दारात गुरू नाही. तो मागवून घेतो चार्ल्स बार्ग यांचे चित्रधडे. त्यातल्या कोळशाने काढायच्या अभ्यासमालेत साठ पानं होती. त्याने ती सगळी काढली, आणि पुन्हा काढली. आणि खरी गंमत पुढे आहे. १८९० मध्ये, म्हणजे मरणाच्या वर्षी, सूर्यफुलं आणि तारांकित रात्र काढून झाल्यावर, त्याने बार्गची पानं पुन्हा समोर घेतली होती. गवयाने मैफली गाजवल्यावरही पहाटे उठून खर्ज लावावा, तसंच हे.

रंगांच्या बाबतीत पुस्तकांची सुरुवात पाककृतींनी झाली. इटलीतल्या चेन्नीनो चेन्नीनी यांनी साधारण १४०० साली लिहिलेल्या ग्रंथात रंग अंड्याच्या बलकात कालवायची कृती आहे. तिथे ते बजावतात की तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिका असतो. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचं लालसर बलकाचं. गावठी अंड्याची महती सहाशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारालाही ठाऊक होती! पण रंग स्वतःच फसवतो, ते कळायला एक तक्रार यावी लागली. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या कापडात छायेसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी ओरड होती. त्यांनी लोकर तपासली, बाहेरच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंग चोख होता. दोष शेजाराचा होता. निळ्याच्या शेजारी काळा बसला की डोळाच त्यात निळ्याच्या विरोधी रंगाची छटा मिसळतो आणि काळा विटका दिसतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला.

इथे मला पुन्हा ती म्हैस आठवते. मीटर सगळ्यांना ओढून मध्यावर आणतो, आणि डोळा नेमकं उलटं करतो, शेजाऱ्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात हेच प्रयोग करायला लावले, तेही रंग-ब्रशाने नाही, रंगीत कागदांच्या तुकड्यांनी. पताकांसाठी आणतो त्या घोटीव कागदांवर ते घरी करता येतात. एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापा. एक काळ्यावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. तुम्हीच कापलेत, तरी पटणार नाही.

डोळ्याची आणखी एक उणीव आहे. त्याला सावकाश चाललेलं काही दिसत नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांना भेटले. हेपवर्थ यांनी चलच्चित्रांची बाराखडी शिकवणारं पुस्तक १८९७ मध्येच लिहिलं होतं. मुंबईला परतल्यावर फाळक्यांनी आधी देवादिकांना हात घातला नाही. कुंडीत एक बी पेरलं, समोर कॅमेरा रोखला आणि दिवसांमागून दिवस एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर अंकुर बघता बघता वर आला. हा इवलासा चित्रपट दाखवून त्यांनी भांडवलाची तजवीज केली आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कोऱ्या फिल्मच्या कडेला अंधारात भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. ते त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

माझा तो मीटरवाला कॅमेरा आता नाही, पण मीटर तुमच्या खिशात आहे आणि अजून तसाच आहे. पुढच्या वेळी म्हैस दिसली की फोन काढा, चौकट तिने भरू द्या, तिच्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनांत बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह उमटतं. ते खाली ओढा, म्हैस काळी होईपर्यंत.