अर्ध्या सावलीतली फुलझाडे

घराच्या मागे थोडीशी मोकळी जागा असते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आंबा नाहीतर फणस. सकाळी तीन-चार तास ऊन येते, मग सावली. अशा जागी पुष्कळजण हौसेने मोगरा लावतात. पाणी घालतात, खत घालतात. पाने भरपूर येतात, पण कळ्या मोजक्याच. मग घरातले म्हणतात, "आमच्या हाताला यशच नाही."

हाताचा यात काही दोष नाही. मोगऱ्याला भरपूर ऊन लागते. ते त्या जागी मिळत नाही, एवढेच. म्हणून आधी जागा बघावी, मग झाड आणावे.

ऊन कसे बघावे?

सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला सावलीच्या कडेवर एकेक दगड ठेवा. कुठे किती वेळ ऊन पडते ते कळेल. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या वेळी घराच्या उत्तरेला लांब सावली पडते. मे महिन्यात तिथेच ऊन येते. म्हणून थंडीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा बघावे. जिथे सकाळचे तीन-चार तास ऊन मिळते, किंवा झाडाखाली दिवसभर कवडसे पडतात, ती अर्ध्या सावलीची जागा.

कोणती झाडे लावावी?

अबोली : झुडूप लहान, दोन हातांपर्यंत वाढते. फुलाला वास नाही. पण ते लवकर कोमेजत नाही. म्हणून वेणीत, गजऱ्यात तिला मान आहे. वाळलेली कणसे खुडली की नवे फुटवे येतात. बी हवे असेल तर थोडी कणसे ठेवावी. वाळलेल्या बोंडाला पाणी लागले की ते फुटते आणि बी दूर उडते. म्हणून बी आधीच गोळा करावे.

तगर : पांढरी फुले देवाला चालतात. पावसाळ्यात फांदी लावली की जगते. उंच वाढते, म्हणून छाटावी लागते. छाटताना चीक निघतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये.

अनंत : फुलाचा सुवास मोठा. कोकणच्या लाल मातीत तो खुशीत वाढतो. चुनखडीच्या जमिनीत मात्र पाने पिवळी पडतात.

कोरांटी : पाणी कमी असले तरी तग धरते. पिवळ्या कोरांटीला काटे असतात. ती कुंपणाकडे लावावी.

कण्हेर अशा जागी लावू नये. तिला ऊन हवे. शिवाय तिचे पान, फूल, मूळ सगळे विषारी आहे. जिथे लहान मुले खेळतात, जनावरे बांधतात, तिथे ती नकोच.

निगा

पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपे लावावी. खड्ड्यात कुजलेले शेणखत घालावे. मोठ्या झाडाची मुळे पाणी आणि खत ओढून घेतात. म्हणून झाडाखालच्या रोपांना दोन्ही थोडे जास्त द्यावे. पण सावलीत ओल लवकर सुकत नाही. बोट खुपसून माती बघावी. ओली असली तर पाणी घालू नये, नाहीतर मुळे कुजतात.

जिथे दिवसभर दाट सावली आहे, तिथे फुलांचा हट्ट धरू नये. मोरीचे पाणी जवळ असेल तर तिथे अळू लावावे. फुले नाहीत, तरी भाजी मिळेल.